लाखोरीचा गुन्हा कोणता?

गेल्या काही वर्षांपासून रमजानचा महिना जवळ आला की मी नववीच्या मुलामुलींना घेऊन शाळेच्या छोट्याशा प्रयोगशाळेत एक प्रयोग करते. इफ्तारच्या भजी-पकोड्यांसाठी घरोघरी बेसन आणलेले असते. मुलांनी त्यातले चमचाभर बेसन पुडीत बांधून आणायचे. परीक्षानळीत ते घालून मी स्वतःच त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतते आणि नळ्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवते. बेसन शुद्ध हरभऱ्याचे असेल तर रंग बदलत नाही. त्यात खेसारीचे पीठ मिसळले असेल तर हळूहळू गुलाबी छटा येते. आम्ल टाकताक्षणीच, न तापवता, गडद गुलाबी रंग आला तर तो पिवळ्या रासायनिक रंगाचा पुरावा. हा फरक मुलांना नीट समजावून द्यावा लागतो. शाळेतला हा प्रयोग म्हणजे संशय घेण्याइतका आधार, शेवटचा निवाडा नव्हे, हेही सांगावे लागते.

एका वर्षी एका नळीत गुलाबी रंग आला. मुले आनंदाने ओरडली, कारण प्रयोग 'यशस्वी' झाला होता. पण पुडी आणणारी मुलगी गप्प झाली. तिने विचारले, "टीचर, खेसारी म्हणजे आपली लाखोरीच ना? आमची नानी तर लाखोरीचे वडे खाते. मग ते जहर आहे का?"

मी विज्ञान शिकवते. या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता यायला हवे होते. ते देता आले नाही, कारण उत्तर केवळ विज्ञानाचे नव्हते. त्यात इतिहास होता, कायदा होता, मजुरी होती, आणि माझ्या घरचीही एक गोष्ट होती. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

घरची गोष्ट आधी सांगते. तुमसर तालुक्यातल्या एका गावात माझ्या अब्बांचे लहानसे किराणा दुकान होते. मी लहान असताना दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या खाली, एक पोते कायम झाकलेले असे. ओळखीचे गिऱ्हाईक आले की अब्बा मला डोळ्यांनी खुणावत आणि मी आतून पायलीभर डाळ आणून देई. अनोळखी माणूस आला तर 'नाही' म्हणायचे हे मला शिकवून ठेवले होते. अब्बा पाच वक्ताचे नमाजी. मापात कधी दाणाभर कमी दिला नाही. पण त्या पोत्यापुरते ते कायद्याचे गुन्हेगार होते. एकदा तपासणीला आलेल्या माणसाने ते पोते पाहिले. पुढे काय देवाणघेवाण झाली ते मला कळण्याचे वय नव्हते. पोते जागेवरच राहिले आणि त्या महिन्यात ईदचे कपडे आले नाहीत, एवढे आठवते. पोत्यात अफू नव्हती, गांजा नव्हता. लाखोरीची डाळ होती, जी गावातल्या प्रत्येक बांधीत पिकत होती.

भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, पण पिकांनी ती सीमा मानली नाही. दोन्हीकडे आषाढात पऱ्हे उपटून रोवणी होते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. धान निघाल्यावर बांधीत थोडी ओल उरते. दुसरे पीक घ्यायचे तर नांगरणी, खत, पाणी लागते. ते ज्याच्याजवळ आहे त्याने घ्यावे. ज्याच्याजवळ नाही तो कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकून देतो. सीमेपलीकडे मध्य प्रदेश-छत्तीसगडात याच पद्धतीला उतेरा म्हणतात. धान कापले जाते, तोवर खाली लाखोरीने मूळ धरलेले असते. मग ती उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढते. नांगर नको, खत नको, पाणी नको. उलट तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत बांधून ठेवतात आणि पुढच्या धानाला त्याचा लाभ होतो. कोवळ्या शेंड्यांची भाजी, हिरव्या दाण्यांच्या घुगऱ्या, डाळीचे वरण आणि वडे, आणि उरलेला भुसा गुरांना. तिच्या दाण्यात साधारण २८ टक्के प्रथिने असतात. अवर्षणातही हे पीक तग धरते आणि पाणी साचले तरी सहजासहजी मरत नाही. गरिबाच्या शेताला याहून सोयीचे पीक मला माहीत नाही.

नेमका हाच गुण पुढे तिचा गुन्हा ठरला. जेव्हा सगळे बुडते तेव्हा ही उरते, म्हणून जेव्हा काहीच नसते तेव्हा माणसे फक्त हीच खातात. आणि फक्त हीच खाल्ली तर ती पाय घेऊन जाते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत, सतत कडधान्येच खाऊन राहिलेल्या एका गावच्या लोकांचे पाय निकामी झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त 'त्रिपुट' नावाच्या कडधान्याने लंगडेपणा व पांगळेपणा येतो असे म्हटले आहे. अरबीत या पिकाला जुलबान म्हणतात, म्हणजे ते तिकडेही नवखे नाही. आणि आम्हा उर्दूवाल्यांना ज्याचा विशेष अभिमान आहे त्या अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त, बिहार सुभ्याच्या वर्णनात, 'किसारी'चा उल्लेख येतो. वाटाण्यासारखे हे धान्य गरीब लोक खातात आणि ते प्रकृतीला चांगले नाही, एवढेच अबुल फजल लिहितो.

त्या नोंदीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: 'गरीब खातात' आणि 'प्रकृतीला चांगले नाही'. चारशे वर्षे झाली, आपण दुसरी गोष्ट उचलली आणि पहिली तिथेच सोडून दिली. अकबराच्या दरबारात कोणत्या सुभ्यात काय पिकते, काय भावाने विकते, याची बारकाईने नोंद होत होती. पण गरीब तेच का खातात, हा प्रश्न महसुलाच्या वहीत बसणारा नव्हता. तो पुढच्या राज्यांच्या वह्यांतही बसला नाही.

इंग्रजी राजवटीतली नोंद आपल्या अधिक जवळची आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन सागरच्या मुलखात अधिकारी होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिले आहे की १८२९ पासून सलग काही वर्षे त्या भागातला गहू बुडाला. तग धरला तो तिवऱ्याने, म्हणजे आपल्या लाखोरीने. लोक त्यावर जगले आणि मग गावोगावची तरणी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. एका रात्रीत, झोपेतून उठताना पाय चालेनासे झाले, असे लोक सांगत. पुढे १८६१ साली सागर-नर्मदेचा तो मुलूख आणि आपला नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत बनला. म्हणजे स्लीमनची ती गावे आणि भंडारा पुढे जवळजवळ शंभर वर्षे एकाच प्रांतात होते.

त्याच टापूतल्या रीवा जिल्ह्यात ही व्याधी स्वातंत्र्यानंतरही ठाण मांडून होती. तिथे जमीनदाराकडे कर्जापायी बांधलेल्या मजुराला मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. मालकाच्या कोठारात गहूही होता, हरभराही होता, पण तो बाजारासाठी. मजुराच्या ओटीत पडे ती खेसारी. तो तिचे पीठ दळून भाकरी करी आणि महिनोन् महिने तीच खाई. १९६४ साली रीवा जिल्ह्यातल्या या रोगाची डॉक्टरांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पायांनी अधू झालेल्यांची संख्या हजारांत होती. त्यांत भर होता तो तरुण पुरुषांचा, म्हणजे जे सर्वाधिक राबत त्यांचा.

आता असे वाटू नये की हे हिंदुस्थानच्या मागासलेपणाचे लक्षण आहे. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच या पिठाच्या वापरावर बंदी घातली होती. स्पेनमध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी, १८११-१२ च्या दुष्काळात, माद्रिदच्या लोकांनी याच पिठाच्या लापशीवर दिवस काढले. गोया या थोर चित्रकाराने आपल्या युद्धविषयक चित्रमालिकेत त्या लापशीच्या वाटपाचे चित्र काढले आहे आणि त्यात उठू न शकणारी एक बाई जमिनीवर पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, हिटलरच्या बाजूने लढणाऱ्या रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांसाठी असलेले हेच कडधान्य रोज खायला देण्यात आले. काही आठवड्यांतच कैद्यांचे पाय ताठरू लागले. त्याच छावणीत कैदी असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले. अनेकांना मात्र उरलेले आयुष्य कुबड्यांवर काढावे लागले.

सागर, रीवा, माद्रिद, वाप्न्यार्का. यांत समान काय आहे? डाळ समान आहे, हे तर खरेच. पण त्याहून मोठी समान गोष्ट ही की चारही ठिकाणी खाणाऱ्याला दुसरे काही निवडण्याची मुभा नव्हती. कुठे ती दुष्काळाने हिरावली, कुठे युद्धाने, कुठे सावकाराने आणि कुठे छावणीच्या पहारेकऱ्याने.

आता कायद्याकडे वळू. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याखालच्या नियमांत १९६१ साली खेसारीच्या विक्रीवर बंदी घालणारे कलम आले. खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ आणि हरभऱ्यासारख्या दुसऱ्या धान्यात केलेले तिचे मिश्रण, यांपैकी काहीही विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा गुन्हा ठरला. मात्र कलम कोणत्या तारखेपासून लागू करायचे ते ज्या त्या राज्याने ठरवायचे होते. महाराष्ट्राने ते १९६१ मध्येच लागू केले. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी ते लागू केले नाही.

नकाशा समोर ठेवून याचा अर्थ पाहावा. आमच्या तुमसर तालुक्याच्या उत्तरेला बावनथडी नदी आहे. नदीपलीकडे मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही काठ एकाच राज्यात होते, राजधानी एकच, नागपूर. माती तीच, धान तेच, लाखोरी तीच. राज्यपुनर्रचनेत आम्ही मराठी म्हणून मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यानंतर वर्षभरातच नदीच्या एका काठावर जे अन्न होते ते दुसऱ्या काठावर विष ठरले. नानी सांगायची की तेव्हा लोकांना ही बंदी नेमकी कशावर आहे तेच कळेना. पेरायला बंदी नव्हती, घरी खायलाही नव्हती. बंदी होती ती विकण्यावर. म्हणजे शेतकऱ्याने पिकवावे, खावे, पण चार पैसे लागले तर विकू नये. ज्याच्याजवळ विकायला दुसरे काही नव्हते त्याच्यासाठी हा नियम म्हणजे अर्धी शेती बंद करण्यासारखा होता.

आणि उपरोध असा की ज्या रीवात पाय गेलेली माणसे हजारांनी होती, तिथे बंदी लागू नव्हती. कारण तिथे बंदी म्हणजे जमीनदाराच्या कोठारावर हात. आमच्याकडे ती लागू झाली, कारण आमच्याकडे तिच्या बाजूने बोलणारे कोणी मुंबईत नव्हते. राजकारण नेहमी भाषणांतच असते असे नाही. कुठला नियम कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या दारातून आत शिरतो, तेही राजकारणच.

मग विज्ञान कुठे होते? येथे तारखा लक्षात घेतल्या पाहिजेत. बंदी आली १९६१ मध्ये. लाखोरीत नेमके कोणते द्रव्य पाय घेते, याचा शोध लागला १९६४ मध्ये, आणि तो लावला आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. आदिगा आणि पी. एस. सर्मा यांनी ते द्रव्य वेगळे करून दाखवले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव बाजूला ठेवू. थोडक्यात त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडॅपची घडण त्याच्याशी मिळतीजुळती. ते ग्लुटामेटच्या जागी जाऊन बसते, पेशींना सतत चेतवत राहते आणि शेवटी पायांच्या हालचाली चालवणाऱ्या पेशी थकून मरतात. मेलेली पेशी परत येत नाही. म्हणून एकदा पाय ताठरला की औषध नाही.

परंतु त्याच संशोधनातून दुसरी बाजूही पुढे आली. ओडॅप पाण्यात विरघळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दाखवून दिले की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर त्यातले बहुतांश विष निघून जाते. आहारात भात-गहू यांसारखी तृणधान्ये पुरेशी असली की धोका बराच कमी होतो, कारण लाखोरीत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात आणि ती उणीव तृणधान्य भरून काढते. साधारणपणे, एकूण अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोरीचाच असेल आणि तेही दोन-तीन महिने सलग, तर रोगाची भीती असते.

हे वाचल्यावर मला नानीचे वडे आठवले. नानी रात्री डाळ भिजत घालायची, सकाळी ते पाणी ओतून द्यायची, पुन्हा दोनदा धुवायची आणि मग पाट्यावर वाटायची. तिने ओडॅपचे नाव ऐकले नव्हते. वड्याबरोबर ताटात भात असायचाच, कारण धानाच्या मुलखात गरिबाची मजुरीही बहुधा धानातच मिळे. रीवाच्या मजुराने मात्र पीठ दळून भाकरी केली. पिठाचे पाणी ओतून देता येत नाही. म्हणजे एकाच डाळीची दोन वेगवेगळी नशिबे होती: इथे ती भाताशेजारी बसली, तिथे भाताची जागा घेऊन बसली.

आमच्या गावात लाखोरीमुळे पांगळे झालेले माणूस मी पाहिले नाही, जुन्या माणसांनीही पाहिल्याचे सांगितले नाही. पण मी विज्ञानाची शिक्षिका आहे. एका गावची आठवण हा पुरावा होत नाही, हे मी मुलांना शिकवते तर मलाही ते पाळलेच पाहिजे. 'आम्ही पिढ्यान् पिढ्या खाल्ली, आम्हाला काही झाले नाही' हे वाक्य रीवात कुणाला म्हणता आले नसते. म्हणून लाखोरी निर्दोष आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही. माझे म्हणणे एवढेच की तिच्या दोषाचा निवाडा ज्यांनी केला त्यांनी अर्धीच साक्ष ऐकली.

बंदीच्या विरोधात दीर्घकाळ झगडले ते नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी. त्यांच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेमार्फत त्यांनी निवेदने दिली, उपोषणे केली, सत्याग्रह केला. मिश्र आहारात ही डाळ घातक नाही आणि बंदीमुळे पूर्व विदर्भातला गरीब शेतकरी नाडला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. सर्व शास्त्रज्ञांना तो मान्य होता असे नाही. अखेर २००८ साली महाराष्ट्र शासनाने राज्यातली बंदी उठवली. सत्तेचाळीस वर्षांनी आमच्या दुकानातले पोते पुढच्या खोलीत आले. अब्बांनी त्या दिवशी काही विशेष बोलून दाखवले नाही. फक्त पोत्याचे तोंड उघडून, बाहेरच्या फळीवर, तुरीच्या शेजारी ठेवले.

तिढा मात्र सुटला नाही. २०११ साली जुना भेसळ कायदा जाऊन अन्न सुरक्षा कायदा लागू झाला आणि त्याच्या नियमांतही खेसारीच्या विक्रीवरील निर्बंधाचे कलम आलेच. २०१५ च्या शेवटी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. डाळींच्या आयातीवरून सरकारची कोंडी झाली आणि २०१६ च्या जानेवारीत एकाएकी खेसारीवरील बंदी उठवण्याची चर्चा दिल्लीत सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या. अंतिम निर्णय अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे होता. विरोध करणाऱ्यांची भीती अशी की स्वस्त डाळ म्हणून ती पुन्हा गरिबाच्याच ताटात एकटी येऊन पडेल. ही भीती मला निराधार वाटत नाही. गरिबाची डाळ जेव्हा शहरात तूर महागते तेव्हाच निर्दोष ठरू लागते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दरम्यान शास्त्रज्ञांनी एक तिसरा रस्ता तयार करून ठेवला होता: बियाण्याचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'रतन' आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'प्रतीक' व 'महातिवरा' हे वाण काढले. यांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, गावरान बियाण्याच्या मानाने पुष्कळच कमी. पण ज्या पिकाची विक्रीच गुन्हा आहे त्याचे सुधारित बियाणे कोण विकणार? कोणता कृषी केंद्रवाला त्याची पिशवी फळीवर ठेवणार? बंदीने जहर थांबवले नाही, जहर कमी करणाऱ्या बियाण्याची वाट मात्र अवघड केली. कीटकाने परागकण नेले तर कमी विषाच्या वाणाचा संकर गावरान वाणाशी होऊ शकतो, म्हणून एकाने पेरून भागत नाही, गावाने मिळून बियाणे बदलावे लागते. ते काम कायद्याच्या उजेडात होते, पोत्याखाली होत नाही.

पोत्याखाली जे होते ते माझ्या प्रयोगशाळेतल्या गुलाबी नळीत दिसले. लाखोरी विकता येत नाही, पण ती स्वस्त आहे आणि दळल्यावर हरभऱ्यासारखी दिसते. मग ती नाव बदलून बेसनाच्या पिशवीत शिरते आणि घेणाऱ्याला आपण काय खातो हे कळतही नाही. नानीला ठाऊक होते की ही लाखोरी आहे, म्हणून ती पाणी ओतून देत होती. पाकिटातले बेसन कुणी भिजवून धूत नाही. उघड विकलेल्या डाळीपेक्षा लपवून मिसळलेले पीठ अधिक धोक्याचे, कारण त्याच्याबरोबर ते कसे शिजवावे याचे ज्ञान येत नाही. आपल्या दीनमध्ये विक्रीच्या मालातला दोष लपवणे हराम मानले आहे. पण व्यापाऱ्याला प्रामाणिक राहणे अवघड करून सोडणारा कायदा असेल तर त्याचाही विचार झाला पाहिजे. अब्बांच्या पोत्यावर पोती होती, पण आतला माल लाखोरी म्हणूनच विकला जात होता. तरी त्यांचा तो व्यवहार मी आज पूर्ण बरोबर म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की दोन चुका एकसारख्या नसतात.

रीवाचा रोग पुढे ओसरला तो कशाने? तिथे तर बंदी नव्हती. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, सिंचन वाढले, गहू वाढला, मजुरी हळूहळू पैशांत मिळू लागली. माणसाच्या हातात निवड आली आणि त्याने आपणहून भाकरीचे धान्य बदलले. मला या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा धडा वाटतो. डाळीतले द्रव्य शोधायला रसायनशास्त्र लागते आणि ते आपल्या शास्त्रज्ञांनी उत्तम केले. पण ते द्रव्य माणसाच्या पायापर्यंत पोचते की नाही, हे मजुरी ठरवते.

आज पूर्व विदर्भात धानानंतर पुष्कळ बांधी उन्हाळाभर रिकाम्या पडून असतात. तिथे लाखोरी पेरली जावी, पण कमी विषाची. ती विकली जावी, पण स्वतःच्या नावाने, आणि पिशवीवर कशी भिजवावी ते मराठीत, हिंदीत, उर्दूत लिहून. रास्त धान्य दुकानातून किंवा शाळेच्या खिचडीतून ती एकटी गरिबावर लादली जाऊ नये. यांपैकी कुठलीही गोष्ट अशक्य नाही. त्यासाठी लाखोरीकडे गुन्हेगार म्हणून किंवा देवदूत म्हणून न पाहता एक पीक म्हणून पाहावे लागेल.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले. उर्दूतच दिले, त्याचा मराठी मतलब असा: "तुझ्या नानीला वडे खाऊ दे. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी ओतून दे, सोबत भात असू दे, आणि रोज रोज तीच नको. मात्र घरात फक्त तीच उरली असेल, तर मला येऊन सांग. तेव्हा प्रश्न डाळीचा राहणार नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "टीचर, ते बेसन आम्ही फेकून दिले. पण ज्याने मिसळले त्याला काय झाले?"

याचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. पुढच्या रमजानच्या आधी पुन्हा प्रयोग आहे. या वेळी मुलांना मी सांगितले आहे की पुडीवर दुकानाचे नाव नको, फक्त भाव लिहून आणा. कोणत्या भावाच्या बेसनात गुलाबी रंग येतो, ते आधी पाहू.